शेवटचे वीस यार्ड

शनिवार, ७ सप्टेंबर
काल शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा सामना हरलो. चारदा शेवटच्या वीस यार्डांत शिरलो, चारदा रिकाम्या हातांनी परतलो. ऐंशी यार्ड वाघासारखी धावणारी पोरं गोलरेषा समोर दिसली की गोगलगाय होतात. का? पायांत बळ आहे, मनात श्रद्धा नाही! चाली ठरवणं माझं काम. यापुढे श्रद्धा पेटवणंही माझंच. संकल्प: मैदानावर चाल खेळवणारा क्वार्टरबॅक डॅरिन प्टाचेक चाल विचारायला कडेला धावत येतो, तेव्हा आधी दोन शब्द बोलायचे. थोडक्यात, पण धगधगते.

शनिवार, १४ सप्टेंबर
रोमवर चालून गेलेला सेनापती हॅनिबल सांगितला. आल्प्स ओलांडले, हत्ती आणले, रोमच्या वेशीशी येऊन ठेपला, आणि आत शिरला नाही! आपली गोलरेषा म्हणजे रोम. डॅरिन मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "कोच, ते सगळं खरं, पण चाल कुठली?" तेवढ्यात चाल सुरू करायची वेळ संपली. उशिराबद्दल पाच यार्ड मागे. पुन्हा बोललो, पुन्हा पाच यार्ड. पंच शेजारच्या गावचा आहे. यातच सगळं आलं.
हरलो.

बुधवार, १८ सप्टेंबर
मुख्य कोच ह्रुस्काने बोलावलं. सूर्यफुलाच्या बिया चघळत म्हणाला, "वेंडेल, लोक मला विचारतात, पोरं तिथवर जातात आणि तिथे उभी राहून करतात काय?"
म्हटलं, घडतायत.
"मग लवकर घडव बाबा. प्लेऑफ हुकलं तर पुढच्या वर्षी चाली दुसरा कोणी ठरवेल. तू आपला इतिहास शिकव."
नुसता इतिहास! नेब्रास्कातल्या या गावात शुक्रवारी मैदानावर नसलेल्या माणसाला शनिवारी ओळख कोण देतं?

गुरुवार, १९ सप्टेंबर
भाषण निम्म्यावर आणलं. हत्ती काढावे लागले. बायकोला, लॉर्नाला, वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "छान आहे. यात चेंडू कधी येतो?"
तिला खेळातलं कळत नाही. तिचे वडील राज्यविजेते कोच होते, पण ते वेगळं.

शनिवार, २८ सप्टेंबर
जिंकलो. पण गोलरेषेपार केलेली तिन्ही टचडाउन चाळीस यार्डांच्या पलीकडून. माझ्या वीस यार्डांत कोणी थांबलंच नाही. डॅरिनला विचारलं, एवढ्या लांबून कशाला? म्हणाला, "कोच, जवळ गेलं की थांबावं लागतं."
मुलात अजून धीर नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर
तीन यार्ड उरले होते. ह्रुस्का ओरडला, "चेंडू खांबांमधून लाथाड, तीन गुण घे!" मी म्हटलं, तीन गुण म्हणजे भीक! रोमच्या वेशीवर कटोरा घेऊन उभं राहायचं? आम्ही आत घुसायला गेलो. चेंडू हातून सुटला. दोन गुणांनी हरलो.
तत्त्व जिंकलं, हे कोणी लिहिणार नाही, म्हणून इथे लिहितो.

सोमवार, १४ ऑक्टोबर
शाळेच्या जेवणात चिली, खिमा-राजम्याची. वाढणाऱ्या बाईने मला सोबतचा गोड सिनॅमन रोल दिला नाही. संपले म्हणाली. मागे ट्रे भरलेला होता.

रविवार, २० ऑक्टोबर
परवा पुन्हा हरलो. शेवटचा सामना जिंकलो तरच प्लेऑफ. चर्चमध्ये पुढच्या बाकावर एकटाच. बाकीच्यांना मागे बसायला आवडतं. देवाला फक्त एक टचडाउन मागितलं. मग लाज वाटली, दोन मागितली. रात्री झोप लागत नाही. लॉर्ना म्हणते कॉफी कमी कर. कॉफीने नाही गं.

सोमवार, २१ ऑक्टोबर
ह्रुस्का म्हणाला, "शुक्रवारी तू वर, काचेच्या खोलीत बस. हेडसेट लाव. वरून सगळं दिसतं."
बढतीच! माझा आवाज थेट ह्रुस्काच्या कानात, तिथून डॅरिनच्या. पाच यार्डांची भानगडच नाही. सेनापती टेकडीवरच हवा, हे आधीच सुचायला हवं होतं.

शनिवार, २६ ऑक्टोबर
जिंकलो! ३५–१४! पाचदा वीस यार्डांत, पाचही टचडाउन, उशीर एकदाही नाही! मी बोललो, गर्जलो, शेवटी रडलो. काचेवर वाफ साचली, ती बाहीने पुसत बोलत राहिलो. प्लेऑफ! हत्तीसुद्धा परत घातले होते. शब्द अखेर पोचला.
लॉर्नाला मिठी मारली. ती म्हणाली, "आता झोप."

रविवार, २७ ऑक्टोबर
सामन्याची फिल्म पाहिली. परवा माझे डोळे चेंडूवर होते. आज कडेचा बाक पाहिला.
ह्रुस्काच्या कानांवर हेडसेट आहे. चेंडू वीसच्या आत येतो. तो हेडसेट काढतो, बाकावर पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवतो, डॅरिनला काहीतरी म्हणतो. टचडाउन. मग हेडसेट पुन्हा कानांवर.
बॅटरी गेली असावी.
पण मग पुन्हा का घालतो?
पाचही वेळा. मी मागे नेऊन नेऊन पाहिलं.

सोमवार, २८ ऑक्टोबर
ह्रुस्काला विचारलं, डॅरिनला काय सांगत होतास?
"तुला जमेल ते कर, म्हटलं."
एवढंच?
"एवढंच."
त्याने मूठभर बिया माझ्या हातावर ठेवल्या. मग तो म्हणाला, "चाली ठरवायचं काम तुझंच आहे, वेंडेल. पुढच्या वर्षीही. शुक्रवारी वरच बस."
मी विचारलं, वर बसून बोलू का?
"बोल की," तो म्हणाला. "तुला कोण अडवतंय?"