शून्य रुपयांचं कोटेशन

१२ फेब्रुवारी २००७
जिल्ह्याचं पत्र आलं. शाळांनी शक्यतो ओपन सोर्स सॉफ्टवेअरच वापरावं. फायनली. मी दोन वर्षं हेच सांगतोय. सरकारला नाही, पण सांगतोय. धामापूरच्या हायस्कुलात, म्हणजे माझ्या जुन्या शाळेत, दिवाळीपासून सहा कॉम्प्युटर पडून आहेत. आत सॉफ्टवेअर नाही, वर चादरी. ३१ मार्चच्या इन्स्पेक्शनला चालू दिसले नाहीत तर देवगडच्या शाळेला जाणार. मोठ्या बाईंना म्हटलं, लिनक्स टाकतो, ओपन सोर्स, दोन दिवसांत, फ्री. बाईंनी चहा दिला. बशीसकट.

१४ फेब्रुवारी
सीडी खिशात घेऊन गेलो. शाळेचे क्लार्क परशुरामतात्या म्हणाले, शाळेत वस्तू येवची तर तीन कोटेशनां व्हयी. म्हटलं, फुकट आहे. म्हणाले, फुकटाक नको असां खंय लिवलेलां आसा? पत्र दोनदा वाचलं. खरंच कुठे नाही.
संकल्प: सिस्टिमवर चिडायचं नाही. आतून बदलायची.

२१ फेब्रुवारी
एक कोटेशन माझं, शून्य रुपये. दुसरं सत्यवानचं, कॉलेजचा फ्रेंड, कुडाळात सायबर कॅफे. शून्य. तिसऱ्यासाठी कणकवलीला भाईंच्या कॉम्प्युटर दुकानात. म्हणाले, माज्या लेटरहेडार शून्य? गिऱ्हायकान बघल्यान तर? दीड तास ओपन सोर्सची फिलॉसॉफी सांगितली. शेवटी कंटाळून दिलं. आय मीन, पटलं त्यांना.

५ मार्च
फाइल जिल्ह्याहून परत. शेरा: तिन्ही दर समान, संगनमत दिसते.
तात्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

७ मार्च
नवी कोटेशनं. माझं शून्य, भाईंचं एक रुपया, सत्यवानचं दोन. लोएस्ट कोण, उघड आहे. बाईंना सांगितलं, आता कन्फर्म. आज फक्त पाणी मिळालं.

१९ मार्च
शेरा: शून्य हा दर नव्हे. ऑर्डर भाईंना.
हरकत नाही. माझीच सीडी भाईंना नेऊन दिली. जिंकणं तत्त्वाचं असतं, माणसाचं नाही.

२७ मार्च
ऑर्डरमध्ये एक वर्षाची वॉरंटी. भाई म्हणाले, जां माका कळना नाय त्याची वॉरंटी मी कित्याक देव? सगळ्या हापिसांत चलता तांच घालतंय. म्हटलं, विंडोज विकत असतं. त्यांनी मार्करने विंडोज लिहिलेली सीडी दाखवली. म्हणाले, ह्यां पण फुकटच. दुपारी त्यांचा माणूस सहाही मशीनवर तेच टाकून गेला. तात्यांनी रजिस्टरात लिहिलं: ओपन सोर्स सॉफ्टवेअर, नग सहा.
संकल्प: इन्स्पेक्शनला साहेबांना सगळं खरं सांगायचं. इंग्लिशमध्ये. इम्प्रेशन पडतं.

३१ मार्च
देवगडचे हेडमास्तर सकाळीच टेंपो घेऊन आले होते. साहेब अकराला आले. पोरं पेंटमध्ये होड्या रंगवत होती. साहेब खूश. म्हणाले, बाकीच्या शाळांनी हे येऊन बघायला पाहिजे. बाईंनी मला दंडाला धरून पुढे केलं. सगळ्यांसमोर विचारलं, हेच ना रे तुझं लिनक्स?
साहेबांनी पेन उघडून धरलं होतं.
मी हो म्हटलं.