गरनाळ्याचा उतार

वासणा रोड, बडोदे
५ मार्च १९९८

ती. दादास,
मोहनाचा शि. सा. न. वि. वि.

घरात फोन असताना ही पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. फोन मामंजींच्या उशाशी आहे आणि लिहायचंय ते त्यांच्याबद्दलच.

उत्तरायणाला अडकलेला पतंग सोडवायला ते गच्चीतल्या टाकीवर चढले आणि पडले, हे तुला ठाऊक आहेच. या वयात टाकीवर कशाला चढलात, हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. मणक्याची चीर आता भरलीय, पण पायांत जोर उरलेला नाही. डॉक्टर म्हणतात, सयाजीगंजातल्या दवाखान्यात यंत्रांवर व्यायाम सुरू केला तर उन्हाळा संपेपर्यंत काठी घेऊन चालतील. हे दिवस वाया गेले, तर पुढे कायमची खुर्ची.

क्षितिज बोटीवर, तुझा हा मेहुणा दिवाळीपर्यंत यायचा नाही. म्हणजे नेणारी मी एकटी. गेल्या सोमवारी नेलं. अलकापुरीचं गरनाळं तू लग्नाच्या वेळी पाहिलंस ना, रेल्वेखालून रस्ता एकदम खाली उतरून वर चढतो ते? त्या उतारावर ब्रेक लावत मी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये आले आणि फियाटने असा हिसका दिला की मामंजी पांढरेफटक पडले. घरी आल्यावर जाहीर केलं, की यापुढे ते गाडीत बसणार नाहीत. रिक्षात त्यांना वाकून शिरता येत नाही, धक्के वर आणखी.

आता दिवसभर खिडकीशी पडून असतात. मी भाजीला गाडी काढली की आतून म्हणतात, गाडीला उचकी लागलीय, पाणी पाजा तिला. दादा, माझं कशातच चित्त लागत नाही. घरात बसवत नाही, बाहेर गेलं की जीव घरात. तू रॅलीत एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबतोस, म्हणजे गिअर उतरताना गाडी हिसकत नाही, असं एकदा फुशारकीने सांगत होतास. ते मला शिकव. पत्रातून शिकता येणार नाही, एवढं सोडून काय वाटेल ते लिही.

तुझा लोभ आहेच, तो या वेळी पोस्टाने धाड.
मोहना


पुणे
११ मार्च १९९८

चि. मोहनास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी आई तुला एका जागी बसवायला खांबाला बांधायची भाषा करायची. ते ऐकलं असतं तर आज मला हा ताप नसता.

आधी हिसका का बसतो ते समजून घे. गाडीचा वेग तोच असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला तिसऱ्यापेक्षा जास्त पळावं लागतं. तू क्लच सोडतेस तेव्हा ते आळसावलेलं असतं, मग चाकं त्याला फरफटत पळवतात. तोच तुझा हिसका. म्हणून क्लच दाबलेला असताना, गिअर पडता पडता, ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची आणि मग क्लच सोडायचा. पण तेव्हा उजवा पाय ब्रेकवर असतो. म्हणून चवडा ब्रेकवरच ठेवायचा आणि टाच, नाहीतर पावलाची उजवी कड, बाजूला कलंडवून टिचकी द्यायची. ब्रेकवरचा दाब कमी होता कामा नये आणि वाढताही कामा नये. सगळी मेख तिथेच आहे.

घरात वजनाचा काटा असेलच. तो जेवणाच्या टेबलाखाली ठेव. चवड्याने दाबून सुई एका आकड्यावर धर आणि टाचेने बाजूची फरशी ठोक. सुई थरथरली तर पुन्हा. ते साधेपर्यंत चालत्या गाडीत हा प्रयोग करायचा नाही, माझी शपथ आहे. नंतरही आधी मोकळा रस्ता बघ, गरनाळं सगळ्यात शेवटी.

मामंजींना माझा नमस्कार सांगू नकोस, नाहीतर पत्र कशाला आलं म्हणून विचारतील.
तुझ्या पायाच्या भिंगरीवर कायम माया करणारा,
अनीश


बडोदे
२४ मार्च १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुई हलत नाही! मेथी निवडताना, वरण घोटताना, मामंजींना पेपर वाचून दाखवताना माझी टाच टेबलाखाली चालूच असते. त्यांनी एकदा विचारलं, की घरात सुतार आलाय का. मी शेजारच्यांकडे आलाय असं सांगून मोकळी झाले.

पण गाडीत सगळं मुसळ केरात. रोज सकाळी त्यांचा चहा झाला की सावली गावाच्या मोकळ्या रस्त्याला जाते. शेजारच्या सीटवर एक लाल भोपळा ठेवते. तो गडगडला तर मामंजींची कंबर गेली असं समजायचं. पहिले काही दिवस मामंजी रोज खाली पडले. एकदा टिचकी देताना ब्रेकच करकचून दाबला गेला आणि भोपळा पुढे आपटून फुटला. मागच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून माझ्या सात पिढ्यांचा गुजरातीत उद्धार केला. घरी भोपळ्याचं भरीत केलं. मामंजींनी दोनदा मागून घेतलं, आणि मला हसूही येईना, रडूही.

यासाठी मुद्दाम बूट घेतले होते. त्यांच्या जाड तळव्यातून ब्रेक कुठे संपतो आणि ॲक्सिलरेटर कुठे सुरू होतो तेच कळेना. मग आठवलं, मामंजी जन्मभर चपला काढूनच गाडी चालवत आले. लग्नानंतर मी त्याला हसले होते. आता मीही अनवाणी चालवते आणि बरंच जमतं. दहांतले सात गिअर गपचूप पडतात. उरलेले तीन मात्र नेमके उतारावर फसतात.

दादा, मला त्यांची भीती वाटायला लागलीय. रागावतात त्याची नाही, रागवायचे थांबलेत त्याची. पायजम्यात पाय काड्यांसारखे दिसतात. काल डॉक्टरांचा फोन आला तर त्यांनी मला न विचारताच सांगून टाकलं, की आता येणं होणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर दोन्ही हात आपटले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना न दुखवता नेणारं कोणी नाही, आणि मी आहे ती अशी अर्धवट शिकलेली. लवकर लिही. वाट बघण्याचा मला मुळीच सराव नाही.

तुझी,
मोहना


पुणे
३० मार्च १९९८

चि. मोहनास,
अनेक आशीर्वाद.

उतारावर फसतंय, कारण तिथे तू घाबरून क्लच लवकर सोडतेस. मी इथे खुर्चीत बसून सांगतो, पण पैज लावायला तयार आहे. उतार दिसला की आधी नीट ब्रेक लाव, वेग खाली येऊ दे, मग गिअर. टिचकी दिलीस की इंजिन हुंकारतं. तो हुंकार कानांवर आल्याशिवाय डावा पाय उचलायचा नाही. हात, पाय आणि मन या तिघांत तुझं मन सगळ्यात पुढे पळतं, त्याला जरा मागच्या सीटवर बसव.

आणि एक सांगतो, राग मानू नकोस. हे शंभर टक्के जमलं तरी ते गाडीत बसतीलच असं नाही. माणसाने एकदा नाही ठरवलं की ठरवलं. तसं झालं तर ते तुझ्या माथी घेऊ नकोस.

भरीत मला न धाडल्याबद्दल थोडा रुसलेला, तरी तुझाच,
अनीश


बडोदे
१४ एप्रिल १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बसले! गेले! आले!

नीट सांगते. परवा सावलीच्या रस्त्यावरून परतले आणि आमच्या कोपऱ्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येऊन फाटकात वळले. आत गेले तर मामंजी उशीवरून मान उचलून विचारत होते, गाडी कोणी आणली. मी आणली म्हटलं. त्यांनी मान पुन्हा उशीवर टेकली. मग विचारलं, दवाखाना किती वाजता उघडतो. मी दाराशी तशीच उभी राहिले. नऊला, असं सांगितलं.

काल सकाळी दाढी करून, कमरेचा पट्टा बांधून आठ वाजताच तयार. शेजारच्या सरोजिनीबेननी आणि मी धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. त्या जय श्री कृष्ण म्हणून गाडीबाहेर उभ्या राहिल्या, जणू आम्ही काशीला निघालो होतो. मी चपला काढून मागे टाकल्या. त्यांनी ते पाहिलं.

गरनाळ्याशी माझ्या तळपायांना घाम सुटला होता. ब्रेक, क्लच, टिचकी, हुंकार. वर चढेपर्यंत मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मग बघितलं, तर काय सांगू, डोळे मिटून, मान मागे टाकून चक्क झोपले होते! महिनाभर मी टाच झिजवली, भोपळा फोडला, शिव्या खाल्ल्या, आणि हे झोपले! मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं की सयाजीगंजात गाडी लावल्यावर मी दोन मिनिटं स्टिअरिंग धरून नुसती बसून होते. व्यायाम केला. येतानाही झोपलेच. उद्या परत जायचंय.

आता तू ये आणि माझी परीक्षा घे. पास केलंस तरच तुझ्यावरचा लोभ कायम ठेवीन.
मोहना


बडोदे
१६ एप्रिल १९९८

चि. अनीशराव यांस,
प्रतापराव यांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तीन महिन्यांनी प्रथमच टेबलाशी बसून लिहीत आहे. अक्षर सांभाळून घ्यावे.

आपली पत्रे मी वाचलेली नाहीत. परंतु वजनाचा काटा जेवणाच्या टेबलाखाली का राहतो, आणि शेजारच्यांकडचा सुतार नेमका आमचीच सूनबाई टेबलाशी बसली की का ठोकतो, हे समजण्याइतके डोके पडताना शाबूत राहिले आहे. कोपऱ्यावर गिअर पडण्याआधी इंजिनाचा हुंकार ऐकला तेव्हा सारे ध्यानात आले. आमच्या तरुणपणी जुन्या गाड्यांना क्लच दोनदा दाबून तो द्यावा लागे. ब्रेक न सोडता देणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मी गाडीत झोपलो, असे तिने आपणास कळवले असेल. मी झोपलो नव्हतो. डोळे उघडे ठेवले असते तर पुढच्याच वळणावर माझ्या तोंडून काहीतरी निघाले असते आणि तिचा पाय बिचकला असता. चाळीस वर्षे स्वतःच गाडी हाकलेल्या माणसाला शेजारी गप्प बसणे जमत नाही. त्यापेक्षा झोपेचे सोंग सोपे.

उतार लागला तसा मी हिसक्याची वाट पाहत कंबर आवळून बसलो. आपणास खरे सांगतो, मला फार भीती वाटत होती. त्या दिवशीच्या कळेनंतर आपले चालणे संपले, असे मी मनाशी धरून चाललो होतो आणि ते कोणालाही बोललो नव्हतो. गाडी उतरली, एकदा हुंकारली आणि चढू लागली. दुसरा गिअर केव्हा पडला ते मला कळलेच नाही. डोळे मिटलेले होते, ते बरे झाले.

काल दवाखान्यात दोन दांड्यांच्या मधून चार पावले टाकली. रोज जाण्याचा विचार आहे.

यातले तिला काही कळवू नये. नाहीतर मला उघड्या डोळ्यांनी बसावे लागेल.

आपल्या घराण्याने आम्हांस दिलेल्या मुलीबद्दल जो लोभ आहे, तो आपल्यालाही पोचावा.
प्रतापराव