अर्धवट बंद नळ

प्रिय नयन,

फोनवर तू दोन मिनिटांत ‘ताई, मीटिंग आहे’ म्हणतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. हे मध्येच कापता येत नाही. लोहाऱ्याच्या आपल्या सहा खोल्यांची डागडुजी करायला महिनाअखेरपर्यंत माणूस मिळाला नाही, तर विक्रीच्या कागदांवर सही कर, असं तू बजावलं होतंस. त्या सहांतल्या एका खोलीत मी राहते, हे त्या कागदांत कुठे दिसलं नाही. असो. माणूस शोधला. शोधताना काय काय नमुने भेटले ते ऐक.

रहेमानचाचांना बाबांनी कामावर कसं ठेवलं, ते तुला आठवत नसेल. अंगणातला नळ धडधाकट होता, पण त्या दिवशी बाबांनी तो मुद्दाम अर्धवट बंद ठेवला. आलेल्या माणसाला समोरच्या ओट्यावर बसवायचं, चहा द्यायचा आणि कामाचं काहीच विचारायचं नाही. चहा संपायच्या आत जो उठून नळ बंद करील, तो आपला. रहेमानचाचा तर कपाला हात लावण्याआधीच उठले. “पहिले ह्याले चुप करू द्या विठ्ठलराव, मंग चाय,” म्हणाले. एकोणीस वर्षं त्यांनी या खोल्या सांभाळल्या. आता त्यांचे हात थरथरतात, तर ‘त्यांना रिटायर करून टाक’ असं तू फोनवर सांगून मोकळा झालास.

मीही तीच परीक्षा घेतली. पहिला आला तो तू पाठवलेला दुरुस्ती कंपनीचा साहेब. छापील टी-शर्ट, हातात टॅब. नळाचे त्याने चारही बाजूंनी फोटो काढले, तक्रार नोंदवली, मला नंबर दिला आणि ‘आमची टीम संपर्क करेल’ म्हणून गेला. नुसती चावी फिरवायची होती रे! त्या टीमने अजून संपर्क केलेला नाही. बहुधा मोठी टीम असेल.

मग बोरी अरबहून भीमसिंग आला. चहा पिता पिता त्याने घरातल्या एकेका वायरीला नावं ठेवली. “हे कोन्या गाढवानं केलं जी?” असं तीनदा विचारलं. ते बाबांनी स्वतः केलं होतं. गाढवाच्या मुलीने त्याला दुसरा कप दिला, तोही प्यायला. नळ शेजारी गळतच होता.

त्याच्यानंतर आलेल्या उकंडाची तर कमालच. बसल्या बसल्या त्याने दाराआड डोकावून पाहिलं. “घरी मानूस नाही काय कोनी? बाईमानसाले काय समजावू मी?” म्हणाला. त्याला म्हटलं, माणसाच्याच शोधात आहे, पण आज तरी कोणी आलेलं दिसत नाही. ते त्याला कळलं नाही. बिस्किटं मात्र सगळी संपवून गेला. एवढी मोठाली माणसं, हातात पाने-पकडी, तोंडात बढाया, आणि कानाशी पाणी वाहतंय ते एकालाही ऐकू येऊ नये!

तरी तुझा माणूस मिळाला आहे. ती मी. रहेमानचाचा खुर्चीवर बसून सांगतात, मी करते. हात माझे, अक्कल त्यांची. तीन नंबरच्या भाडेकरू जुबैदाच्या खोलीतला फ्लश दुरुस्त केला, तेव्हा पहिल्यांदा मी नखशिखांत भिजले आणि चाचा पोट धरून हसले. दुसऱ्यांदा नाही भिजले. पोळ्याच्या आधी गच्चीवरच्या टाकीचा बॉल बदलला, तेव्हा खाली उभं राहून “अब तू मिस्त्री झाली बेटा” म्हणाले.

आता मूळ गोष्ट. विक्रीचे कागद सही न करता यासोबत परत पाठवते आहे. खोल्या बाबांनी दोघांच्या नावावर केल्या, त्यामुळे माझ्या सहीशिवाय तुझं काही चालणार नाही. आणि एक. या परीक्षेला पहिला बसला तो कंपनीचा साहेब नव्हता. मे महिन्यात तू हेच कागद घेऊन आलास, त्या सकाळी मी नळ अर्धवट बंद ठेवला होता. तुला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि दाराआड उभी राहिले. मनात म्हणत होते, ऊठ रे, एवढा तरी ऊठ. तू उठलास तर मी मुकाट्याने सही करीन, बाबांचं घर बाबांच्याच मुलाने विकलं म्हणेन. तू तीन कप चहा प्यायलास आणि म्हणालास, ‘ताई, या नळासाठी कुणालातरी बोलाव ना, डोकं उठलं.’ बाकीच्यांचा मला संताप आला. तुझ्या वेळी रडू आलं. दिवाळीला ये. नळ तसाच ठेवते. आता तुला सगळं ठाऊक आहे, तरी ये.

तुझीच,
सुरभीताई