पाणी न दाखवलेलं झाड

३ मे, काटेवाडी
मित्रांनो, रस्ता रुंद करायला आपल्या डोळ्यांदेखत जुन्या वडांवर करवत चालली आणि आपलं कुणी ऐकलं नाही. बघा, रोजनिशीतही माझं भाषणच सुरू होतं. बायको, रुक्सार, म्हणाली, सुट्टीत तरी माईक बंद ठेवा. तिच्या भावाच्या, नईमच्या मळ्यात आलोय. उसाला कालव्याचं पाणी, ताटात कोवळी काकडी. आणि बांधावर एक विलक्षण झाड: पान एकही नाही, खोडातूनच फुटलेली जाड, लालसर फुलं. इतकी झाडं ओळखतो मी; हे ओळखू येईना.

४ मे
सगळ्या शेतात ठिबक, पण झाडापाशी नळी मुद्दाम बाजूला वळवून नेलेली. शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, त्येला कुणी पानी दावत न्हाय. जो पाजंल, त्येच्या मानसाला ते पितं. मी हसलो. हसा, म्हणाल्या, पावण्याचं काय जातंय हसायला. हिरव्यागार शिवारात एका जिवालाच तहानलेलं ठेवायचं, हा कुठला न्याय? दुपारी मी नळी सरळ केली आणि कॉक उघडला.

५ मे
फुलं दुप्पट झाली. जवळ गेलं की ओल्या मातीचा वास येतो. मधमाशी मात्र एकही नाही. रुक्सारला सकाळपासून तहान. माठ रिकामा केला तिनं. नईम चिडवतोय: आपा, आता कालव्यालाच तोंड लाव.

७ मे
तिचे ओठ फुटलेत. रडली, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. मी सरळ केलेली नळी नईमनं पाहिली आणि थेट कुऱ्हाड आणली. मी झाडापुढे हात पसरून उभा राहिलो आणि बोललो. उन्हाच्या झळेवर, अडाणीपणावर, मुक्या जिवाच्या हक्कावर. मी चांगला बोललो. दुलाभाई, तुमच्यापुढं आमाला बोलता येत न्हाय, असं म्हणून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि रुक्सारला बारामतीला दवाखान्यात नेलं.

मी जिंकलो.

८ मे
कॉक बंद केला. फुलं थांबत नाहीत. नईमचा फोन आला: सलाईन जातंय, अंगात राहत न्हाय. तिची कातडी — आणि फोन ठेवला.

९ मे
फोनवर तिचा आवाज. पाचोळ्यासारखा. म्हणाली, तोडा त्याला.

घाव घातला. आतून पाणी आलं, कोमट. ओठांवर उडालं. खारट. मग लाकूड मिटलं. पुन्हा घाव — पुन्हा मिटलं —

दुपार
रंगुबाई बांधापलीकडे उभ्या. अलीकडे येत नाहीत. माझीही जीभ टाळ्याला — बोटं वळत नाहीत, दांडा सुटतो —

मित्रांनो, झाडं वाचवायला हाक दिली तेव्हा आलात. आता कुऱ्हाडी घेऊन या. माझी भाषणं मला ऐकवू नका. ती अजून श्वास घेतेय, नईम म्हणतो — आजच या, सगळे मिळून एकदम, मुळापासून तोडा, मिटायच्या आत तो—