बिनआवाजाचा ग्राइंडर

मामी, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला तमिळ लिहिता येत नाही, त्यामुळे तुम्ही असतात तरी हे मला तुमच्या पुढ्यात बसून सांगावं लागलं असतं. आणि तुम्ही दुसऱ्याच वाक्याला म्हणाला असतात, "पुरे गं पोण्णे, कामाचं बोल." पोण्णे म्हणजे पोरी. माझं वय आता पोरीचं राहिलेलं नाही, पण तुमच्यानंतर मला तसं कोणी म्हटलंही नाही. तर कामाचंच बोलते. फोनवर बोटाने अक्षर गिरवलं की तो ते छापील करून देतो. पाचवीपर्यंत शाळेत पाटीवर गिरवायचे तसंच, फक्त पुसायला थुंकी लावावी लागत नाही. दुपारी दुकान बंद असतं, तेवढ्या वेळात लिहिते आहे.

मला असल्या वस्तूंचं वेड आहे हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. लग्न करून सांगलीकडून इथे तमिळ मुलखात आले, नवरा दिवसभर शहरात सोनं गाळायच्या दुकानात भट्टीपुढे, आणि मी वेस्ट मांबलमला तुमच्या घराच्या मागच्या भाड्याच्या खोलीत. ट्रंकेत साड्या कमी, आणि भावाचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर. तो मी भाजीच्या सुरीने उघडून जमिनीवर पसरून बसले होते आणि तुम्ही दारात उभ्या राहिलात. तमिळचा एक शब्द कळत नव्हता मला, पण कोणी आपल्याला वेडी म्हणतंय हे कुठल्याही भाषेत कळतं. तुम्ही स्क्रू पायाने बाजूला सारलात, माझा हात धरलात आणि सरळ पुढच्या व्हरांड्यात नेऊन ग्राइंडरपुढे उभी केलीत. इडलीचं पीठ वाटून विकायचा तुमचा धंदा, कंबर गेलेली, माणूस हवं होतं. मला विचारलं वगैरे काही नाही. तसं मीही पुढे कोणाला फारसं विचारत नाही, ते तुमच्याकडूनच आलं असणार.

तो ग्राइंडर आठवतो ना? उंच, काळ्या दगडाचा, पीठ हाताने उपसून काढावं लागायचं. मी तिथेही टेपरेकॉर्डर आणून ठेवला. दुरुस्त केला होता, एकच कॅसेट होती. तुम्ही येता आणि भिंतीतून वायरच उपटता. म्हणता, "इथे कान पाहिजे." मग मला भिंतीकडे तोंड करून उभी करता. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरांना करतात तशी. मागे ग्राइंडर चालू. वळायचं नाही, बघायचं नाही, पिठाला हात लावायचा नाही, उडीद झाला असं वाटलं की "आता" म्हणायचं. मी म्हणते, "आता." तुम्ही म्हणता, "तुझ्या डोक्यात झाला, भांड्यात नाही." पुन्हा भिंत. रस्त्यावरून बायका पीठ घ्यायला यायच्या आणि मी गुन्हेगारासारखी पाठमोरी उभी. एकीने तुम्हाला विचारलं, हिने काय चोरलं? तुम्ही म्हणालात, "अजून काही नाही, पण शिकते आहे."

तमिळ हळूहळू यायला लागलं तसं कळलं की तुम्ही मला काय ऐकायला सांगत होतात. आधी दगडात दाणे खडखडतात. मग ओलं कापड ओढल्यासारखं होतं. आणि सगळ्यात शेवटी, घरघरीच्या वर, अगदी बारीक, पट् पट्, दूध पिऊन झालेलं तान्हं पोर ओठ वाजवतं तसं. पिठात हवा भरली की ते बोलतं. तिथे थांबायचं. नवा उडीद लवकर बोलतो, जुना उशिरा, म्हणून घड्याळ कामाचं नाही. मी एकदा शेजारणींचं बघून पिठाची गोळी वाटीतल्या पाण्यात टाकली. तरंगली की झालं, सगळं गाव असंच बघतं. तुम्ही वाटी उचलून रस्त्यावर ओतलीत. "पाण्याला विचारायचं असेल तर पाण्याकडेच नोकरी कर." मला इतका राग आला होता की दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही, कारण भिंतीकडे तोंड करून कोण बोलतं.

आणि त्याच वर्षी दिवाळीच्या पहाटे, अंगाला तेल लावायला बोलावून, तुम्ही माझ्या हातात ट्रान्झिस्टर ठेवलात. नवा कोरा. बसमध्ये चढताना तुमचे गुडघे कुरकुरायचे, घरात मिक्सर आणला तर तो सणासुदीच्या भांड्यासारखा झाकून ठेवायच्या तुम्ही, आणि तुम्ही एकट्या रिची स्ट्रीटच्या रेडिओ-बाजारात, त्या वायरींच्या जंजाळात जाऊन रेडिओ घेऊन आलात. वर म्हणालात, "दुकान बंद झाल्यावर ऐक." बस. तेवढंच. मी तेलकट हातांनी तो लावला आणि तुम्ही ओरडलात की आधी हात पूस.

आता माझ्या दुकानात काय काय आहे ते बघितलं असतंत तर पुन्हा हात धरून बाहेर काढलं असतंत मला. काट्यावर आकडे उजळतात. पाकिटाचं तोंड चिकटवायची मशीन आहे. पैसे जमा झाले की एक डबा बाईच्या आवाजात सांगतो. पीठ आंबायच्या खोलीत तापमान दाखवणारी चकती आहे, ती फोनवर कळवते. नवी वस्तू आली की मी आधी उघडते, मग वापरते. पुस्तिका वाचत नाही, इंग्रजी असते आणि फार नम्र असते. नवरा म्हणतो, तू पीठ विकतेस की विमान चालवतेस. मी म्हणते, तुझी भट्टी अजून फुंकून पेटते, तू बोलू नकोस.

पण खरी गोष्ट ग्राइंडरची. तुमचा दगड झिजला तेव्हा मी स्टीलचा मोठा, तिरपा होणारा घेतला. सुरुवातीचे काही महिने सगळ्यांसारखाच वाजायचा. मग वर्षं गेली तसा तो शांत शांत होत गेला. मला वाटलं, चांगली मशीन अशीच, वापरून वापरून मऊ होते. नुसती लांबून घरघर, बाकी काही नाही. मी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, बघा, असा ग्राइंडर घ्या, बिनआवाजाचा. दोन बायकांनी माझं ऐकून घेतलासुद्धा. एकीने नंतर फोन केला की अक्का, आमचा तर खूप वाजतो. मी तिला म्हटलं, तुला वापरता येत नसेल.

ते पट् पट् कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. मी मशीनवर टायमर लावला, वेळ झाली की तो तीनदा वाजून वीज तोडतो, आणि मला वाटलं आता कानाचं काम संपलं, जग पुढे गेलं. यंदा तिरुवल्लिकेणीच्या मेसवाल्याचा फोन आला. तिथल्या मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या लॉजमध्ये, राहणाऱ्या एकट्या पुरुषांना तो सकाळी इडली घालतो, माझं निम्मं पीठ त्याच्याकडे जातं. म्हणाला, "अक्का, इडली बसली आहे. उठायचं नाव घेत नाही. माणसं विचारतात, ही चपाती आहे का." मी म्हटलं, "तुझं भांडं नीट धू." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी उडीदवाल्याला झापलं. तिसऱ्या दिवशी हवेला शिव्या दिल्या, तापमानाची चकती बदलली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "अक्का, पुढच्या आठवड्यापासून मी दुसरीकडून घेऊन बघतो. राग मानू नका." हळू बोलला हे त्याचा चेहरा बघत असल्यासारखं कळलं मला. मेसवाला हळू बोलतो तेव्हा त्याने ठरवलेलं असतं. हा धंदा मी तुमच्या हातून घेतला, मामी. तो गेला असता तर माझ्याकडे नुसत्या मशीन उरल्या असत्या.

मुलगी ऑफिसातून आली, मी तिला सगळं ओरडून सांगितलं. नुकतंच टायमरवर वाटून थांबलेलं पीठ तिने बोटावर घेतलं. "आई, हे गरम आहे. जास्त वाटलंय." मी म्हटलं, टायमर चुकत नाही. ती म्हणाली, "उडीद कुठला आहे ते टायमरला कसं कळणार? तूच सांगायचीस ना, तो बोलतो म्हणून?" मी टायमरकडे बघितलं. मग ती म्हणाली, "तुला खरंच ऐकू येत नाही?"

"काय?"

"ग्राइंडर. किंचाळतो तो. वरचे अंकल सकाळी खिडक्या लावून घेतात. मी कानात हेडफोन घालून दात घासते."

"मग कोणी बोललं का नाही मला?"

"तुला?" ती म्हणाली. "तुला कोण बोलणार?"

कानाच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला दाबलं पटापट. मग काहीच येईना. मी वाट बघितली, पाय हलवले, शेवटी काच ठोकून त्या पोरीला म्हटलं, तुमची मशीन बंद पडली आहे, वायर बघा. ती म्हणाली, "चालू आहे, अक्का." तिच्या बोटाकडे बघितलं तर ते कळ दाबत होतं, पुन्हा दाबत होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते ते दिवस आठवले. तेव्हा निदान मागे काहीतरी वाजत होतं.

जाड आवाज येतात, बारीक गेलेत, असं तिने सांगितलं. कानाला मशीन लावा म्हणाली. मी नाही म्हटलं. सगळ्या मशीन मी माझ्या हाताखाली ठेवते, ही माझ्यावर चढून बसणार होती. रस्ताभर मुलीशी बोलले नाही. घरी येऊन ट्रान्झिस्टर लावला तर ती दुसऱ्या खोलीतून धावत आली, आवाज कमी करायला. मला तो नेहमीसारखाच वाटत होता. तेव्हा म्हटलं, चला, बघू तरी कशी आहे. दवाखान्यातल्या पोरीला मी विचारलं, फोनला जोडता येतं का, चार्ज किती टिकतो, उघडून बघता येतं का. शेवटच्या प्रश्नावर ती हात जोडून म्हणाली, "कृपा करून उघडू नका, अक्का."

मशीन लावली आणि दुकानात आले. पाकिटं एवढी कुरकुरतात? माझ्याच बांगड्यांनी मला दचकवलं. फोन म्हणजे तर मेसवाला माझ्या डोक्यात राहायला आल्यासारखा. आणि मग मी ग्राइंडर लावला. मामी, तुम्हाला काय सांगू. डुकराला धरलंय असं वाटलं. मी हात पुढे करून बंद केला आणि स्टुलावर बसले. वरच्या मजल्याकडे बघितलं. इतकी वर्षं सगळ्या गल्लीने हे ऐकलं, आणि मी दारात उभी राहून सांगत होते, बघा, बिनआवाजाचा. मग उठले, खालचं झाकण काढलं. पट्टा ढिला पडून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, फिरणाऱ्या चाकाला तेल नव्हतं. ते काम मला येतं. पट्टा बदलला, मोटर मागे ओढून बोल्ट आवळला, तेल घातलं. वरचे अंकल जिन्यावरून डोकावले. म्हणाले, "बिघडला का?" मी म्हटलं, "नाही, बरा झाला." त्यांनी हात जोडले. मला की ग्राइंडरला ते कळलं नाही.

आज पहाटे उडीद घातला, टायमर तसाच ठेवून. दारं लावली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मुलगी पाणी प्यायला आली, बघितलं आणि गेली. खडखड झाली. ओलं कापड झालं. मग बराच वेळ काही नाही, आणि मला वाटलं आता टायमरच वाजणार, आणि मी तशीच भिंतीकडे बघत राहणार. आणि मग आलं. थोडं पत्र्यासारखं येतं, या कानातल्या मशीनमधून, तुमच्या वेळी असायचं तसं ओलं नाही. पण तेच. पट् पट्. मी "आता" म्हटलं, मोठ्याने, आणि वळून बंद केला. टायमर बऱ्याच वेळाने एकटाच तीनदा वाजला. तो वाजतो हे मला ठाऊक होतं, ऐकलं पहिल्यांदाच.

मेससाठीचं उडदाचं पीठ तांदळाच्या पिठात कालवलं, मीठ घातलं, डबा भरून पाठवला. आंबून इडली होईपर्यंत उद्या उजाडेल, तोवर मेसवाल्याचं काही कळणार नाही. मी त्याला आपणहून फोन करणार नाही.

एवढंच कळवायचं होतं. पण एक राहिलं, ते इथेच ठेवते, कारण हे पत्र फोनमध्येच राहणार आहे आणि घरात दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. डबा गेल्यावर मी ग्राइंडर धुवायच्या आधी बाजूला चिकटलेलं पीठ बोटाने काढलं, दार पुढे ओढलं आणि वाटीत पाणी घेऊन त्याची गोळी टाकली. तरंगली. मग वाटी मी रस्त्यावर ओतली.