तुझी बाजू, माझी बाजू

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या बाबांच्या कपाळाला टेंगूळ आलंय आणि गाडीचा पुढचा दिवा फुटलाय. एवढंच नुकसान. हे आधी सांगून टाकते, कारण माझी पत्रं तू शेवटाकडून वाचतेस हे मला माहीत आहे. या वेळी मात्र सुरुवातीपासून वाच.

आम्ही घाटमाथ्यावरच्या एका छोट्या खानावळीत थांबलो आहोत. खाली खोल्या भाड्याने देणारी बाई आणि तिचा बहिरा कुत्रा, वर आमची खोली. आम्ही आलो तो रस्ता खिडकीतून दिसतो. डोंगराला कुणी सुतळी गुंडाळून ठेवावी, तसा. कडेला कठडा नाही, नुसते चुना फासलेले पांढरे दगड, आणि तेही मध्ये मध्ये गायब. दगड कुठे गेले असतील, हा विचार मी करत नाही. म्हणजे, करते. सकाळपासून तेवढाच करतेय.

तुला माहीतच आहे, ही बघायच्या रस्त्यांची यादी बाबांची. आयुष्यभर रस्ते-खात्याच्या ड्रॉइंग टेबलावर त्यांनी वळणं काढली आणि एकाही वळणावरून स्वतः गेले नाहीत. नजर कडेकडून मिटत चालली आहे असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, तेव्हा घरी येऊन त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली, तर जगातल्या अवघड रस्त्यांचा तो जाडजूड अल्बम काढला आणि म्हणाले, ‘चालवायचं तू, बघायचं मी.’ मी म्हटलं, मी बाजारात गाडी लावताना घाम गाळते. तर म्हणे, ‘तिथे बाजार नाही.’ मला तेव्हा हसू आलं होतं.

पहिला समुद्रकाठचा रस्ता तुला फोनवर सांगितलाच होता. लाटा पुलावरून उडून काचेवर यायच्या आणि वायपर लावला की बाबा ओरडायचे, ‘पुसू नकोस, बघू दे!’ दुसरा कड्यात कोरलेला बोगद्यांचा, ज्याला दरीकडे खिडक्या होत्या. तिथे ते मला दर खिडकीला थांबवायचे आणि नळीतून बघावं तसं मान फिरवून फिरवून दरी एकेक तुकडा करून बघायचे. वरचा तुकडा, मधला तुकडा, नदीचा तुकडा. मग डोळे मिटून ते तुकडे जोडत बसायचे. त्या वेळी मला वाटलं, घाबरत का होईना, हे आपण करतोय ते बरोबर आहे. आज तसं वाटत नाही. की आजची भीती कालच्या आनंदावर शाई सांडतेय? मला ठरवता येत नाही.

आता कालचं सांगते. या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने धावतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. पहिल्या दोन्ही ठिकाणी आपल्यासारखंच होतं, त्यामुळे हे पहिल्यांदाच. आणि आपल्या घरात डावं-उजवं कुणी म्हणतच नाही. तू शाळेत असताना बाईंनी ‘डावीकडे वळ’ म्हटल्यावर ‘कुणाच्या बाजूला?’ असं विचारून वर्गाला हसवलं होतंस. मला गाडी शिकवतानाही बाबांनी तसंच शिकवलं: ‘तुझ्या बाजूला घे’, ‘माझ्या बाजूला घे’. इतकी वर्षं माझी बाजू म्हणजे उजवी. बाकीच्या जगासाठी मी प्रूफं तपासते, दुसऱ्याची चुकलेली वेलांटी मला पलीकडच्या पानावरून दिसते, पण आमच्या दोघांच्या बोलण्यातली ही चूक मला समोर असून दिसली नाही.

चढावर दरी बाबांच्या अंगाला होती. एका वळणावर रस्त्याची कड खचली होती. मला ती दिसायचं कारण नव्हतं, मधे बाबा बसले होते. ते एकदम ओरडले, ‘तुझ्या बाजूला घे! तुझ्या बाजूला!’ त्यांना म्हणायचं होतं, तू बसली आहेस तिकडे, डोंगराकडे. माझ्या हातांनी ऐकलं, उजवीकडे. भिंगरी, मी विचार करून वळवलं असतं तर चूक माझी म्हटली असती. पण मी वळवलंच नाही, हातांनी वळवलं. पुढचं चाक कडेबाहेर गेलं, गाडी वाकडी होऊन एका पांढऱ्या दगडाला टेकली आणि थांबली. बाबांच्या खिडकीतून जमीन दिसत नव्हती. खूप खाली ढग होता आणि ढगाच्या फटीतून एक बारीक चकाकणारी रेघ. ती नदी होती.

आम्ही माझ्या दारातून बाहेर आलो. आधी मी, मग माझा हात धरून बाबा, इंचाइंचाने, कारण त्यांचं वजन निघेपर्यंत गाडी हलेल की काय ही धास्ती. मागून आलेल्या मिशाळ ट्रकवाल्याने साखळी लावून गाडी रस्त्यावर ओढली, घोड्याला थोपटावं तसं बॉनेट थोपटलं आणि माझ्याकडे बघून बोटाने आधी डोंगर दाखवला, मग दरी, मग मान हलवली. भाषा येत नसूनही मला त्याचं पूर्ण व्याख्यान कळलं.

खाली जायला दुसरा रस्ता नाही. खानावळीच्या बाई गाडी चालवत नाहीत, ट्रकवाला केव्हाच गेला, आणि टपालाच्या गाडीत पिशव्यांमुळे एकाच माणसाला जागा आहे. बाबा म्हणाले, ‘तू टपालाबरोबर जा.’ मी विचारलं, आणि गाडी कोण आणणार, तुम्ही? त्यावर आमचं जे भांडण झालं त्याने तो बहिरा कुत्रासुद्धा उठून बसला. शेवटी ठरलं, उद्या उजेडात मीच चालवायची. फक्त शब्द बदलायचे. बाबा म्हणाले, डोंगर आणि दरी म्हणू. मी म्हटलं, तुम्ही ‘दरी’ ओरडलात तर मी काय समजू, तिकडे वळ की तिकडे आहे, सांभाळ? ते म्हणाले, ‘बरं, दरीचं नावच काढायचं नाही. मी फक्त डोंगर म्हणेन. दुसरं काही म्हटलं तर ऐकू नकोस.’ मी म्हटलं, ते मी लग्नापासून करतेय. तेव्हा आम्ही दोघं हसलो, कालपासून पहिल्यांदा.

हसून झाल्यावर ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘ती कड मला दिसली नव्हती. चाकाखाली खडी निसटल्याचा आवाज आला, म्हणून ओरडलो.’ ज्या दरीवर ते बसले होते, ती त्यांना दिसत नव्हती. बोगद्यांच्या रस्त्यानंतर नळी आणखी बारीक झाली, म्हणाले, पण मी इतक्या जिद्दीने चालवत होते की त्यांना सांगवेना. मी त्यांना दिसावं म्हणून चालवत होते आणि ते मी चालवावं म्हणून बघत होते. यादीतले पुढचे रस्ते आम्ही सोडले. आता फक्त हा उतार राहिला.

ही टपालाची गाडी थोड्या वेळात निघेल आणि हे पत्र तिच्याबरोबर, आमच्या आधी खाली जाईल. तसंच हवंय मला. उद्या काही झालं तरी हे तुला मिळायला हवं. फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस, आणि तू हसलीस की आम्हीही हसतो. निघायच्या आदल्या दिवशी तू फोनवर सांगत होतीस, संध्याकाळी स्कूटर लावताना आवारातली भिंत रोज पुढे सरकते, सिनेमाला अंधार झाला की मैत्रिणीच्या खांद्याला धरून बसायची जागा शोधावी लागते. आपण तिघंही हसलो. फोन ठेवल्यावर बाबा भरलेली बॅग उपसून पुन्हा भरत बसले. मीही विचारलं नाही. आज त्यांनी खिडकीकडेच तोंड ठेवून सांगितलं, त्यांचंही असंच सुरू झालं होतं, संध्याकाळपासून. डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हे बापाकडून मुलीकडे येऊ शकतं. येतंच असं नाही, हेही सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी त्या दुसऱ्या वाक्याला घट्ट धरून ठेवलं. ‘तिला तू लिही,’ ते म्हणाले, ‘मला नाही जमणार.’ तेव्हा आमची वाट न बघता जा आणि डोळे तपासून घे. तोवर अंधार पडल्यावर स्कूटर काढू नकोस. ‘थोडी काळजी वाटते’ असं आधी लिहिलं होतं, ते वर खोडलेलं तुला दिसेल. कालच्या त्या वळणावर वाटली नव्हती एवढी भीती मला आत्ता वाटतेय.

तुझीच, अजून डोंगरावर असलेली,
आई