बैठकीतली गाडगी फोडावीत

मी, धुरपताबाई दत्तराव गिराम, राहणार मौजे निंबगव्हाण, जिल्हा परभणी, वय सत्तरीच्या पुढे, हा कागद राजीखुशीने लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे तेवढे नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरच्यांनी ‘माय, कशाला उगं उकरून काढायलीस?’ म्हणून अडवून पाहिले. लिहिणारी माझी सून रुख्मिणी आहे. माझे बोलणे गुळगुळीत करायचे नाही, असे तिला बजावले आहे.

१. राहते घर व ओढ्याकाठचे शेत माझा एकुलता एक मुलगा पंडित आणि रुख्मिणी यांना सारख्या हिश्श्याने द्यावे. कागदावर रुख्मिणीचे नाव आधी घालावे. पंडित तोंड वाकडे करील, करू दे.

२. तांब्याचा हंडा शेजारीण कमलबाईला. दर सणाला ती तो मागून नेते आणि दर सणाला मला तिच्या दारात परत मागायला जावे लागते. आता ठेव बाई कायमचा.

३. चावडीशेजारची पत्र्याची खोली नवऱ्याने हयातीतच माझ्या नावे केली होती. तिथे संध्याकाळी गावची बैठक बसते. पेपर वाचला की सगळे एकदम ओरडत, कोणाचे कोणाला ऐकू येत नसे. म्हणून माझ्या नवऱ्याने रीत घातली. बोलणाऱ्या प्रत्येकाचे एक गाडगे फळीवर ठेवायचे. बोलणे पटले तर त्यात चिंचोका टाकायचा, न पटले तर एक काढून घ्यायचा. भरलेल्या गाडग्याचा माणूस आधी बोलणार, रिकाम्या गाडग्याच्या माणसाने उंबऱ्याबाहेर चपलांपाशी बसायचे. सुरुवातीला याचा गुण आला, हे मी नाकारत नाही. भांडकुदळ माणसेही नीट बोलू लागली. मग माझा पुतण्या दिनकरराव माणसांचे खिसे चिंचोक्यांनी भरून आणू लागला. चिंचेचे झाड त्याच्याच बांधावर! बायांना तर गाडगेच नव्हते, आम्ही चहा करायचा आणि भिंतीआडून ऐकायचे.

४. अठ्ठ्याहत्तर साली औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि गाव पेटून उठले. त्या दिवशी दुपारी पंडित चुलीपाशी जेवत होता. तो मला म्हणाला, “माय, त्यांची मागणी रास्त हाय. नाव दिलंच पायजे.” मला लेकाचा इतका अभिमान वाटला की मी त्याच्या भाकरीवर आणखी तूप ओतले.

संध्याकाळी आश्रुबा वाव्हळ बैठकीला आला. खालच्या आळीतला, शांत माणूस. “मला बोलायचंय,” म्हणाला. दिनकररावाच्या माणसांनी उठून त्याचे गाडगे रिकामे केले, मग त्याला बोलता कसे येणार? साऱ्या गावात सर्वांत भरलेले गाडगे पंडितचे होते. तो उभा राहिला, फळीकडे बघितले आणि म्हणाला, “एवढी घाई कशाला? लोकांचं मन बी बघाया पायजे.” मूठमूठ चिंचोके पडले. दुसऱ्या दिवशी आश्रुबाच्या आळीला पिठाची गिरणी बंद झाली, दुकानदार मीठ देईना. विचारले तर उत्तर एकच, “पंडितसुद्धा तसंच म्हणला की.” माझा लेक दुष्ट नाही. त्याला त्या गाडग्याची चटक लागली आणि तो भ्याला. मला त्याची लाज वाटली, आजही वाटते.

५. माझे दगडी जाते आश्रुबाच्या बायकोला, अंबाबाईला द्यावे. गिरणी बंद होती तेव्हा ती आणि मी त्यावर दळत होतो.

६. यंदा संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. त्याच आठवड्यात सोनपेठच्या बाजारात पंडित चारचौघांत म्हणाला, “मी तर पयल्यापासून हेच म्हणत होतो.” तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कुठे म्हणालास रे? चुलीपाशी!

म्हणून खोली बैठकीलाच देत आहे, पण गाडगी आधी फोडावीत. जो आधी येईल तो आधी बोलेल. बायांनी आत बसावे आणि बोलावे. कोणाचे पटले नाही तर तोंडाने सांगावे, का पटले नाही तेही सांगावे. दिनकरराव मला म्हणाला, “काकू, मग उद्या कोनीबी येऊन कायबी बोलंल.” बोलू दे. तू इतकी वर्षे बोललासच ना? पुन्हा गाडगी मांडली गेली, तर त्या दिवसापासून खोली आश्रुबाची.

७. हा कागद माझ्या तेराव्याला बैठकीच्या खोलीत वाचावा. आश्रुबा आणि अंबाबाई पुढच्या सतरंजीवर बसल्याशिवाय सुरू करू नये. वाचणारा पंडितच असावा, त्याच्याइतका खणखणीत आवाज गावात दुसऱ्या कोणाचा नाही. एकही कलम गाळू नये. चौथ्या कलमातले दुपारचे वाक्य दोनदा वाचावे, आश्रुबाकडे बघून. पंडित, बाळा, तेव्हा तू ते फक्त मला सांगितलेस. आता मी नाही, त्यांनाच सांगावे लागेल.

कागद मला वाचून दाखवला. मी म्हणाले तसाच आहे, मंजूर.

डाव्या हाताचा अंगठा: धुरपताबाई दत्तराव गिराम

साक्षीदार:
मुंजाजी सटवाजी लाटे (सही)
बानूबाई भुजंग रनेर (अंगठा)

लिहिणार: रुख्मिणी पंडित गिराम

मौजे निंबगव्हाण, जिल्हा परभणी
९ फेब्रुवारी १९९४